श्रावणातली दक्षिणा आणि एप्रिलमधला गुलाब

दरवर्षी २३ एप्रिलला पुण्यातल्या अनेक महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत एक छोटासा समारंभ होतो. टेबलावर स्वच्छ चादर, सरस्वतीची प्रतिमा, हार, निवडक पुस्तकांची मांडणी, प्राचार्यांचे दोन शब्द आणि शेवटी एक सामुदायिक छायाचित्र. परीक्षांचे दिवस असतात, ऊन तापलेले असते, विद्यार्थी अभ्यासिकेतून मान वर करून पाहतात आणि पुन्हा मान खाली घालतात. दुपारपर्यंत पुस्तके कपाटात परत गेलेली असतात. हा 'जागतिक पुस्तक दिन'. त्याची माहिती देताना शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस यांची नावे हटकून घेतली जातात. ज्या शहराच्या रस्त्यावरून हा दिवस जगभर गेला, त्या बार्सिलोनाचे नाव मात्र क्वचितच निघते, आणि त्यामुळे या दिवसाचे मर्मही बाजूला पडते.

स्पेनच्या ईशान्येला असलेल्या कॅटलोनिया या प्रांताची भाषा स्पॅनिशहून वेगळी आहे, आणि तिथला संरक्षक संत म्हणजे सांत जोर्दी. इंग्रजीत ज्याला सेंट जॉर्ज म्हणतात तोच हा. गावाला छळणाऱ्या ड्रॅगनला त्याने मारले, राजकन्येला वाचवले आणि त्या प्राण्याचे रक्त सांडले तिथे गुलाबाचे झाड उगवले, अशी लोककथा आहे. २३ एप्रिल हा त्याचा सण. बार्सिलोनातल्या प्रांतिक सत्तेच्या वाड्यात, त्याच्या नावाच्या देवघरापाशी पंधराव्या शतकापासून या दिवशी गुलाबांचा बाजार भरत आला. पुरुषाने प्रिय स्त्रीला गुलाब द्यायचा, ही त्यातली रीत. इथपर्यंत पुस्तकाचा कुठेही संबंध नाही.

पुस्तक आले ते व्यापाऱ्यामुळे. विसेंत क्लावेल हा मूळचा वालेन्सियाचा लेखक बार्सिलोनात प्रकाशनसंस्था चालवीत असे. पुस्तकांची विक्री वाढावी म्हणून वर्षातला एक दिवस पुस्तकाच्या नावे राखून ठेवावा, अशी सूचना त्याने १९२०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथल्या प्रकाशक-विक्रेत्यांच्या मंडळापुढे मांडली. ६ फेब्रुवारी १९२६ रोजी राजाज्ञा निघाली आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला, म्हणजे सर्व्हांटिसचा मानला गेलेला जन्मदिवस साधून, पहिला पुस्तक दिन साजरा झाला. रस्त्यावर पुस्तके मांडून विकण्याला ऑक्टोबरपेक्षा वसंत ऋतू बरा, हे ध्यानात आल्यावर १९३०मध्ये तो २३ एप्रिलला हलवण्यात आला. सर्व्हांटिसच्या पुण्यतिथीचा आधार त्यासाठी मिळाला. काटेकोरपणे बोलायचे तर सर्व्हांटिस २२ एप्रिल १६१६ रोजी वारला व दुसऱ्या दिवशी त्याचे दफन झाले, आणि शेक्सपिअरची तारीख तीच दिसत असली तरी इंग्लंडमध्ये तेव्हा जुने पंचांग चालू असल्यामुळे ती प्रत्यक्षात दहा दिवसांनी नंतरची आहे. 'दोघे महान लेखक एकाच दिवशी गेले' हे वाक्य भाषणात शोभते, इतिहासात टिकत नाही.

टिकले ते गुलाबाशी जुळलेले नाते. शेकडो वर्षांची चालत आलेली रीत आणि विक्रेत्यांची नवी गरज एकाच दिवशी एकत्र आली. गुलाबाच्या बदल्यात पुस्तक द्यायचे, असा नवा रिवाज पडला आणि काळाबरोबर दोन्ही वस्तू दोघांनीही एकमेकांना द्यायच्या, असा तो पालटला. १९३९नंतर फ्रँकोच्या राजवटीत कॅटलन भाषा शाळा, कचेरी आणि छापखाना यांतून हद्दपार झाली. तिच्यातली पुस्तके उघड्यावर परत यायला बराच काळ जावा लागला, आणि ती जेव्हा येऊ लागली तेव्हा या दिवसाला भाषेच्या अस्तित्वाचाही अर्थ चिकटला. विशेष म्हणजे सांत जोर्दीची कॅटलोनियात सार्वजनिक सुट्टी नसते. लोक कामावर जातात आणि जाता-येता पुस्तक घेतात. स्पेनमध्ये पुस्तकांच्या किमती कायद्याने बांधलेल्या आहेत. या दिवशी दहा टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा त्याच कायद्यात ठेवलेली आहे. अलीकडच्या वर्षांत या एका दिवसात तिथे पंधरा लाखांहून अधिक पुस्तके विकली जातात. १९९५ साली युनेस्कोने २३ एप्रिल हा जागतिक दिवस म्हणून स्वीकारला तो स्पेनच्याच प्रस्तावावरून. पुढे दरवर्षी एका शहराला जागतिक ग्रंथराजधानीचा मान मिळू लागला आणि २००३ साली तो दिल्लीलाही मिळाला.

जगातल्या शंभराहून अधिक विद्यापीठांत आज कॅटलन भाषा शिकवली जाते, आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी विद्यार्थी या दिवशी आवारात टेबल मांडून गुलाब आणि पुस्तके ठेवतात. परक्या मुलखातल्या आवारात हा सण मुद्दाम लावावा लागतो. घरच्या रस्त्यावर तो आपोआप उगवतो. आपल्या प्रांताचा कॅटलोनियाशी संबंध आला तोही महाविद्यालयाच्या आवारातच. बार्सिलोनात १८८८ साली जन्मलेले फादर हेन्री हेरास १९२२मध्ये मुंबईत आले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहास शिकवू लागले. १९२६मध्ये, म्हणजे स्पेनमध्ये पहिला पुस्तक दिन झाला त्याच वर्षी, त्यांनी तिथे इतिहास संशोधनाची संस्था उभी केली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९५५मध्ये इथेच देह ठेवला. जन्मगावाचा सण त्यांनी इथे आणला नाही. ग्रंथ आणि अवशेष जमवून विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचे काम केले. मुद्दा तोच आहे. तारीख उसनी आणता येते, पण ती जिला धरून उभी राहील अशी रीत स्थानिकच लागते. मग पुण्याजवळ अशी रीत होती काय?

होती, आणि तिची कथा बार्सिलोनाच्या कथेपेक्षा पाऊणशे वर्षांनी जुनी आहे.

पेशवाईतला श्रावण म्हणजे दक्षिणेचा महिना. तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा डभईच्या लढाईनंतर पहिल्या बाजीरावाने पुण्यात चालू ठेवली, आणि पुढे पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात देशोदेशींचे ब्राह्मण दक्षिणेसाठी जमू लागले. हेतू विद्येला आश्रय देण्याचा होता. प्रत्यक्षात विद्वान आणि केवळ भिक्षुक यांतला फरक धूसर होत गेला, आणि ब्राह्मणेतरांना तर त्या अंगणात प्रवेशच नव्हता. १८१८मध्ये राज्य गेले तरी दक्षिणा एकदम बंद करणे इंग्रजांना सोयीचे वाटले नाही. एल्फिन्स्टनने ती वर्षाला पन्नास हजार रुपयांपर्यंत खाली आणली आणि तिच्यातला काही भाग विश्रामबागवाड्यात १८२१ साली उघडलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. हीच पाठशाळा पुढे पूना कॉलेजात मिसळली आणि त्यातूनच डेक्कन कॉलेज झाले. म्हणजे पुण्यातल्या महाविद्यालयीन शिक्षणाची पहिली वीट एका श्रावणी दानाच्या पैशातून बसलेली आहे.

पण दक्षिणेचे पुस्तकाशी लग्न लागले ते १८४९च्या सुमारास. काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १८४८मध्ये भिडे वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्याच वर्षी पुण्यात 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' सुरू झाली. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. त्याच वर्षी 'प्रभाकर' पत्रातून लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. या वातावरणात लोकहितवादी आणि त्यांच्या तरुण साथीदारांनी सरकारकडे अर्ज केला: दक्षिणेच्या रकमेचा काही भाग उत्तम मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षिसे देण्याकडे लावावा, आणि ती बक्षिसे कोणत्याही जातीच्या लेखकाला मिळावीत.

आज ही मागणी अगदी सौम्य वाटते. तेव्हाच्या पुण्यात तिने वादळ उठवले. संस्कृत सोडून प्राकृताला, आणि ब्राह्मण सोडून सर्वांना, असा दुहेरी घाव तिच्यात होता. अर्जदारांना बहिष्काराची आणि मारहाणीची भीती घालण्यात आली. तेव्हा अवघे बावीस वर्षांचे फुले आपल्या बाजूची माणसे घेऊन या ब्राह्मण सुधारकांच्या संरक्षणासाठी उभे राहिले. चरित्रकार ही माणसे दोनशे होती असे सांगतात. मराठी पुस्तकाला बक्षीस मिळावे म्हणून पुण्याच्या रस्त्यावर अंगरक्षक लागले, हे आपल्या वाङ्मयेतिहासातले फारसे न आठवले जाणारे दृश्य आहे. अर्ज मान्य झाला आणि १८५१मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली.

बार्सिलोनाशी साम्य उघड आहे. दोन्हीकडे जुनी, लोकांच्या अंगवळणी पडलेली देण्याघेण्याची रीत आधी होती. दोन्हीकडे कोणीतरी ती मोडून न टाकता तिची दिशा वळवली. तिकडे गुलाबाच्या शेजारी पुस्तक आले, इकडे दक्षिणेच्या जागी. पुढे दक्षिणेच्या निधीतून महाविद्यालयांत 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या आरंभीच्या वर्षांना त्याचा आधार होता. रानडे यांच्या पुढाकाराने १८९४मध्ये निघालेली भाषांतरासाठीची संस्था, जी पुढे ग्रंथोत्तेजक संस्था म्हणून ओळखली गेली, तीही याच परंपरेतली.

परंतु साम्य इथेच थांबते. गुलाब कोणीही कोणालाही देऊ शकत होता. दक्षिणेचे अंगण आधीच कुंपण घातलेले होते, आणि नाव बदलल्याने ते कुंपण पडले नाही. कमिटी स्थापन होऊन चार वर्षेही होत नाहीत तोच १८५५मध्ये फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून तिच्याकडे पाठवले. एका भोळ्या कुणबी जोडप्याला जोशी धर्माच्या नावाने कसा लुबाडतो आणि शेवटी ते दोघे रात्रीच्या शाळेत शिकायला जाण्याचा निश्चय कसा करतात, असा त्याचा विषय. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नाकारले गेले, असे फुल्यांनी 'गुलामगिरी'त नमूद केले आहे. ज्यांच्या अर्जाच्या रक्षणासाठी ते उभे राहिले होते त्याच अर्जातून जन्मलेल्या दाराने त्यांना आत घेतले नाही. नाटक सव्वाशे वर्षे हस्तलिखितात राहिले आणि १९७९मध्ये पहिल्यांदा छापले गेले.

पुढच्या दोन प्रसंगांतही हेच दार दिसते. ११ मे १८७८ रोजी पुण्याच्या हिराबागेत न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. आजच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा उगम तो. १८८५मध्ये पुण्यातच दुसरी ग्रंथकार सभा भरली, तेव्हा रानडे यांनी फुल्यांना निमंत्रण पाठवले आणि फुल्यांनी ते पत्राने नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत आणि आचरणात शूद्रातिशूद्रांच्या मानवी हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभेशी आपल्या लोकांच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. आपण त्या पत्राचा उल्लेख बंडखोरीचा नमुना म्हणून करतो. १८४९ आणि १८५५ लक्षात ठेवून ते वाचले तर त्यात तीस वर्षांचा अनुभव बोलताना दिसतो.

संमेलनाची परंपरा चालू राहिली आणि तिच्यात ग्रंथदिंडी आली. पालखीत ग्रंथ ठेवून लेझीम-ढोलांच्या गजरात मिरवायचा. पालखी आपल्या संस्कृतीत पादुकांची, संतांची. तिच्यात ग्रंथाला बसवणे हा त्याचा सन्मानच आहे. तरी एक गोष्ट राहून जाते. पालखीतल्या ग्रंथाला आपण नमस्कार करतो, त्याची पाने उलटत नाही. पुस्तक दिनाच्या टेबलावर हार घातलेली पुस्तकेही याच जातीची. बार्सिलोनाच्या रस्त्यावरचे पुस्तक पूजेचे नसते. कोणीतरी ते विकत घेऊन दुसऱ्याचे नाव लिहून त्याच्या हातात ठेवतो.

मराठीत असे घडतच नाही काय? घडते, आणि तेही दोन ठिकाणी ठळकपणे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाची जागा कायमची पक्की झाली. क्लावेलसारखाच हाही एक संपादक-व्यावसायिक, आणि त्यानेही सणाला धरूनच छापील कागद घरात नेला. दिवाळी अंक आजही घेतला जातो, शेजारी फिरवला जातो, वाचनालयात पाळीने वाचला जातो.

दुसरे ठिकाण पांढरपेशा वाङ्मयचर्चेत अजून पुरते आलेले नाही. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल ओळीने लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे, त्यांतली कित्येक शिक्षणाची पहिली पिढी, दर्शन घेऊन परतताना पिशवीत पुस्तके घालून नेतात. फुले, आंबेडकर, बुद्धचरित्र, गाण्यांच्या पुस्तिका, घटनेची प्रत. कोणी स्वतःसाठी घेतो, कोणी गावातल्या विहारासाठी, कोणी न वाचता येणारी आजी नातवासाठी. सणाच्या दिवशी, उघड्या रस्त्यावर, स्वतःच्या पैशाने पुस्तक घेऊन दुसऱ्यासाठी नेणे ही जर सांत जोर्दीची व्याख्या असेल, तर महाराष्ट्रातला खरा सांत जोर्दी हा आहे. 'तृतीय रत्न'मधल्या कुणबी जोडप्याने रात्रशाळेचा जो निश्चय केला, त्याचा पुढचा अंक इथे चाललेला दिसतो.

विद्यापीठांच्या आवारातही या परंपरेचा एक धागा आला आहे. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीनिमित्त राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत विद्यार्थी सलग अठरा तास बसून वाचतात. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, त्याचे हे स्मरण. भाषण नाही, हार नाही. पहाटे दिवे लावायचे आणि रात्री उशिरा मालवायचे. याउलट डिसेंबर २०२३पासून राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर भरू लागला. हे महाविद्यालय १८८५चे, म्हणजे फुल्यांच्या त्या पत्राच्याच वर्षातले. तिथली गर्दी खरी आहे, खरेदी खरी आहे आणि पुस्तकाभोवती तरुण मुले दिसतात हे समाधानाचे आहे. मात्र अशा महोत्सवांना विक्रमांचा मोह फार. पुस्तके रचून अक्षरे काढणे आणि आकडे जाहीर करणे हा पालखीचाच आधुनिक अवतार आहे.

तेव्हा २३ एप्रिलचे पुण्याने काय करावे? तो सोडून द्यावा असे मला वाटत नाही. उसना सण वाईट नसतो. उसना घेऊन देवघरात ठेवलेला सण वाईट. पुण्याच्या पंचांगात ११ एप्रिलला फुले जयंती येते, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती आणि मग २३ एप्रिल. हे बारा-तेरा दिवस एकमेकांना जोडले तर बार्सिलोनाची तारीख इथल्या मातीत रुजायला जागा मिळते. परीक्षा असतात हे खरे. पण सांत जोर्दीलाही सुट्टी नसतेच. ग्रंथालयातले टेबल बाहेर, चहाच्या टपरीशेजारी आणावे; त्यावर जुनी-नवी पुस्तके विद्यार्थ्यांना परवडतील अशा किमतीत ठेवावीत; आणि घेणाऱ्याने ती स्वतःसाठी न घेता वसतिगृहाच्या पहारेकऱ्याच्या मुलीसाठी, खानावळीतल्या पोऱ्यासाठी किंवा शेजारच्या बाकावरच्या, अजून नाव ठाऊक नसलेल्या सहाध्यायासाठी घ्यावीत, एवढाच नियम असावा. श्रावणातल्या दक्षिणेचा जो अर्थ १८४९च्या अर्जदारांना अभिप्रेत होता, तो असा पूर्ण होईल, आणि या वेळी अंगणाला कुंपण असणार नाही.

राहता राहिला गुलाब. जोतीरावांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. ज्या वाड्यात त्या घरची फुले जात, त्याच सत्तेच्या रमण्यात त्या घरच्या माणसाला दक्षिणा मिळाली नसती. त्याच घरातल्या सुनेचे नाव २०१४पासून पुणे विद्यापीठाच्या फाटकावर आहे. फूल आणि पुस्तक यांची जोडी शोधायला पुणेकराने बार्सिलोनापर्यंत जायची गरज नाही. दोन्ही गोष्टी त्याच्या विद्यापीठाच्या नावातच आहेत, आणि त्या नावाला शोभेल असा एक दिवस पाळणे अजून बाकी आहे.